मॅगव्हीलचं पावडर कोटिंग: चाक शॉपमध्ये देण्याआधीची तयारी

पुण्यात भोसरी, शिवणे, नऱ्हे, रामटेकडी, कुठल्याही औद्योगिक गल्लीत शिरलात तर पावडर कोटिंगचं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर वीजभाराने चिकटवून भट्टीत वितळवून बसवणारं, शॉप सापडतं. पण यातल्या बहुतेकांचा रोजचा माल लोखंडी: पॅनल, ग्रिल, रॅक, पंख्याच्या जाळ्या. त्यांच्या टाक्या, भट्टी आणि कामगारांचा हातही लोखंडाला सरावलेला असतो. मॅगव्हील म्हणजे गाडीचं अ‍ॅल्युमिनिअम मिश्रधातूचं ओतीव चाक, आणि लोखंडाला जे चालतं त्यातलं बरंच काही त्याला मानवत नाही. म्हणून निम्मी तयारी चाकाची करायची आणि निम्मी शॉपवाल्याशी बोलण्याची.

आधी मुहूर्त. टायर चार-पाच वर्षांचे झाले असतील तर कोटिंग आणि नवे टायर एकदमच उरकावेत, म्हणजे उतरवणं-चढवणं आणि बॅलन्सिंगचा खर्च दोनदा होत नाही. टायरच्या बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. भर पावसाळा शक्यतो टाळावा. दमट हवेत पावडरच्या गुठळ्या होतात, बंदुकीतून ती ठसके देत येते आणि पृष्ठभाग खरखरीत निघतो. वातानुकूलित बूथ असलेल्या शॉपला हे बंधन नाही, पण तशी शॉप थोडी. शिवाय पुण्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार आणि बऱ्याच युनिटची साप्ताहिक सुट्टीही त्याच दिवशी, तेव्हा बुधवारी ब्लास्टिंग (दाण्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करणं) करून चाकं उघडी राहतील असा दिवस धरू नका. शुक्रवारी सकाळी माल टाकलेला बरा.

मग ठरवायचं की हे चाक कोटिंगचं आहे का. डायमंड कट चाकाचा लेथवर कापलेला चकचकीत चेहरा पावडरने परत येत नाही. तो हवाच असेल तर वेगळं काम, वेगळं मशीन, आणि दर वेळी थोडा धातू कमी होतो. एकरंगी चालणार असेल तर बिनधास्त करा. क्रोम केलेल्या चाकावरचं क्रोम आधी पूर्ण निघालं पाहिजे, नाहीतर पावडर त्याच्यासकट पापुद्र्यासारखी सुटते. तडा गेलेलं चाक मात्र कोटिंगला देऊच नये. रंगाखाली तडा झाकला जातो, बुजत नाही.

गाडी कशावर उभी राहणार हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुचतो आणि सगळ्यात आधी अडवतो. काम दोन ते चार दिवसांचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर किंवा विटांवर ठेवायची नाही. चार घोड्या (जॅक स्टँड), सपाट जमीन, आणि त्या घोड्या चॅसीच्या नेमून दिलेल्या जागीच. त्याहून सोपं म्हणजे त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटच्या लोखंडी डिस्क टायरसकट चार दिवसांसाठी कुणाकडून आणणं. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. मधलं भोक, ऑफसेट (हबला टेकणारा चेहरा चाकाच्या मध्यापासून किती सरकलेला ते) आणि पुढच्या ब्रेक कॅलिपरला अंतर राहतं का, तिन्ही बघा. चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून, कुठे घासत नाही ना ते ऐका. लोखंडी डिस्कला मॅगव्हीलचे नट चालतीलच असंही नाही. नटाचा बसण्याचा भाग शंकूचा आहे की गोल, हे जोडीला लावून तपासा.

टायर उतरवण्याआधी प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. रिमवर मार्करने लिहिलेलं स्ट्रिपिंगमध्ये, म्हणजे जुना रंग काढताना, उडून जातं, म्हणून अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्टीवर नंबर पंच करून ती तारेने स्पोकला बांधा. एका लॉटमध्ये दुसऱ्याची तशीच चाकं असतात आणि ती बदलून आल्याची तक्रार या धंद्यात नवी नाही. माल दिल्याच्या चलानावर साइझ, ऑफसेट आणि संख्या लिहून घ्या, प्रत्येक चाकाचे चारही बाजूंनी फोटो काढा. टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगची वजनं, मधली टोपी, प्लॅस्टिकचा लोगो, सगळं निघालं पाहिजे. टायर प्रेशरचे सेन्सर असतील तर ते आधी काढून, कुठला कोणत्या चाकाचा हे लिहून पिशवीत ठेवा. १८० अंशांच्या भट्टीत सेन्सर आणि त्याची बॅटरी दोन्ही गेली. रबरी व्हॉल्व्ह नवीनच लावायचे, नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून चार आणून ठेवा. चिकटवलेल्या वजनांचा डिंक रिमवर राहतो, तो केरोसिनने मऊ करून प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने काढा.

टायर पॉलिशचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. चमक आणणाऱ्या बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते रिमच्या कडेवर, व्हॉल्व्हच्या भोकात, स्पोकच्या मागच्या कोपऱ्यात मुरतं. साध्या साबणाने जात नाही. पावडर वितळून पसरायला लागली की सिलिकॉनच्या प्रत्येक ठिपक्याभोवतून ती मागे सरते आणि माशाच्या डोळ्यासारखा खळगा उरतो. काम द्यायच्या महिनाभर आधी पॉलिश बंद करा. मग चाक डिटर्जंटने, नंतर डीग्रीझरने, दोन्ही बाजूंनी धुवा. ब्लास्टिंगने सगळं निघेल या भरवशावर राहू नका. ब्लास्टिंगचा दाणा तोच तेलकटपणा पुढच्या चाकावर नेऊन पसरवतो.

धुतलेलं चाक उजेडात बघा. रिम वाकलंय का हे बॅलन्सिंग मशीनवर फिरवून कळतं, आणि वाकलं असेल तर सरळ करणं, वेल्डिंग, घासणं हे सगळं कोटिंगच्या आधी. फुटपाथला घासून पडलेले ओरखडे गॅरेजमधल्या लांबीने (पुट्टीने) भरायचे नाहीत, लांबी भट्टीत फुगते आणि तडकते. उथळ ओरखडा फाइलने पसरून १२०, मग १८० च्या पेपरने बारीक करा. खोल असेल तर अ‍ॅल्युमिनिअमची टिग वेल्डिंग करून घ्या. स्पोक जिथे मधल्या भागाला मिळतो तिथे आणि रिमच्या आतल्या कडेवर बारीक तडे शोधायला, तिथला रंग काढून, डाय पेनेट्रंटचा स्प्रे पुरतो: लाल रंग मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. लाल रेघ उमटली तर ते चाक बाद.

आता शॉपवाल्याशी बोलणं. पहिला प्रश्न: जुना रंग कशाने काढणार? बऱ्याच ठिकाणी माल टांगायचे हुक आणि रिजेक्ट माल गरम कॉस्टिकच्या टाकीत सोलतात. त्या टाकीत अ‍ॅल्युमिनिअम गेलं की बुडबुडे यायला लागतात, चाक काळं पडतं आणि धातूच खाल्ला जातो. रंग जाळून काढणारी भट्टीही नको, तिथलं तापमान चाकाची ताकद घालवतं. अ‍ॅल्युमिनिअमला चालणारा रासायनिक स्ट्रिपर आणि नंतर हलकं ब्लास्टिंग, ही वाट. ब्लास्टिंगला ८० ते १२० मेशचं अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइड सांगा. लोखंडी ग्रिट किंवा शॉट नको. त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे कोटिंगच्या खालून गंज फोडतात. ‘आमच्याकडे सेव्हन टँक आहे’, म्हणजे सात टाक्यांतून माल बुडवून काढायची सोय, असं अभिमानाने सांगितलं जातं. ती प्रक्रिया लोखंडासाठीची, तिच्यात गंज काढायचं आम्ल आणि फॉस्फेटिंग असतं. अ‍ॅल्युमिनिअमला क्रोमेट किंवा झिर्कोनिअमचं कन्व्हर्जन कोटिंग, म्हणजे पावडर धरून ठेवणारा पातळ रासायनिक थर, लागतं. ते नसेल तर निदान नीट डीग्रीझिंग, स्वच्छ ब्लास्टिंग, आणि त्याच दिवशी पावडर. ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने चाक उचलायचं नाही, बोटांचा तेलकट ठसा तिथेच राहतो.

मास्किंग हा या कामाचा जीव आहे, आणि तिथेच सगळ्यात जास्त घाई होते. चाक हबला टेकतं तो सपाट चेहरा, मधलं भोक आणि नट बसतो ती प्रत्येक खोबण: या जागा ब्लास्टिंगलाही झाकायच्या आणि पावडरलाही. कारण आकड्यात बघा. दोन थर मिळून दीडशे मायक्रॉन धरा, म्हणजे ०.१५ मिलीमीटर. १२ मिलीमीटरच्या बोल्टचा पिच १.५ मिलीमीटर असेल तर नट एका फेऱ्यात तेवढाच पुढे सरकतो. नटाखालचा तो थर ब्रेकच्या उष्णतेने दबून गेला की फेऱ्याचा दहावा भाग, म्हणजे ३६ अंशांची कस, कुणी पाना न लावता सुटते. मधल्या भोकात थर बसला तर चाक हबवर अडकतं किंवा तिरकं बसतं. भोकांना सिलिकॉनचे शंकूसारखे बूच, चेहऱ्याला हिरवी पॉलिएस्टर टेप. कागदी मास्किंग टेप भट्टीत जळून डिंक सोडते. टायर जिथे बसतो त्या कडेवर एकच पातळ थर पुरे, जाड झाला की हवा हळूहळू गळते.

पावडर निवडताना प्युअर पॉलिएस्टरच मागा. कपाटांना वापरतात ती इपॉक्सी-पॉलिएस्टर उन्हात काही महिन्यांत खडूसारखी पांढरट होते. चार चाकांना एका थराची किलोभर पावडर पुरते, पण तीच बॅच नंतर मिळेल याची खात्री नसल्याने दीड किलो घ्या. रंग ‘काळा’ असा तोंडी नको, आरएएल या प्रमाणित रंगतक्त्यातला नंबर द्या: ९००५ काळा, ७०१६ गडद करडा, आणि सोबत ग्लॉस की मॅट. मेटॅलिक सिल्व्हरवर क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी पारदर्शक पावडरचा, थर हवाच.

ओतीव धातूच्या छिद्रांत हवा आणि तेल अडकलेलं असतं. पावडर मारून थेट भट्टीत घातलं तर ते बाहेर येताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं. म्हणून पावडरच्या आधी चाक मोकळंच, बेकिंगच्या तापमानापेक्षा दहाएक अंश जास्त तापवून घ्यायला सांगा. १८० अंशांना बेक होणारी पावडर घेतली तर चाकाला मानवतं. २०० च्या वर जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भट्टी दाखवली तर टी-६ उष्णतासंस्कार केलेला धातू मऊ पडतो. आणि वेळ मोजायची ती चाक त्या तापमानाला आल्यापासून. भट्टीचा आकडा लवकर १८० दाखवतो, आठ-नऊ किलोचं चाक तिथे पोचायला आणखी वीसेक मिनिटं घेतं. जाळ्यांच्या लॉटमध्ये चाकं घातली की ती कच्ची राहतात ती याचमुळे.

चाकं घ्यायला जाताना टॉर्च न्या. स्पोकच्या आतल्या कोपऱ्यात वीजभार पोचत नाही, तिथे पावडर विरळ बसते आणि खालचा धातू डोकावतो. डीएफटी मीटर (थराची जाडी मोजणारं) असेल तर एका थराला ६० ते १०० मायक्रॉन यायला हवेत. संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसला तर थर जाड झालाय. रिमच्या आतल्या बाजूला थिनरचा बोळा तीसेक वेळा घासा: थोडी चमक गेली तर हरकत नाही, रंग मऊ होऊन बोळ्याला आला तर बेकिंग कच्चं, परत भट्टीत घालायला लावा. नटाच्या खोबणी बोटाने चाचपा, रंग असेल तर जागेवरच काढून घ्या.

टायर चढवताना मशीनच्या डोक्याला प्लॅस्टिकचं आवरण असलेला दुकानदार गाठा. वजनं आतल्या बाजूला चिकटवायची, ठोकायची नाहीत. हबचा चेहरा वायर ब्रशने साफ करा, नट हाताने बसवून चांदणीच्या आकारात, समोरासमोरचे नट घेत, टॉर्क पान्याने कसा, आकडा गाडीच्या पुस्तकातला. एअर गनने शेवटची कस नको. ५० ते १०० किलोमीटर झाले, म्हणजे हिंजवडीला दोन दिवस ये-जा झाली, की थंड चाकावर पुन्हा टॉर्क तपासा. एखादा नट त्या आकड्याला यायच्या आत बराच फिरला तर तो नुसता कसून सोडू नका. चाक उतरवा आणि त्या खोबणीत राहिलेली पावडर खरवडून काढा.