मुलांना नमाजची सवय कशी लावायची, लहानांना आणि कॉलेजवाल्यांनाही

आपल्याकडे कोकणात काय किंवा वर सातारा-कोल्हापूरकडे काय, घराघरात एकच तक्रार ऐकू येते, पोरं नमाजच पढत नाहीत. मला वाटतं आधी घरात बघा, अजान होते तेव्हा मोठी माणसं काय करतात. अब्बा टीव्हीसमोरून न हलता "जा रे नमाज पढून ये" म्हणत असतील तर पोरगा जाणार नाही, गेला तरी नुसता वजू करून, म्हणजे नमाजआधीचे हात-तोंड-पाय धुऊन, परत येईल.

सुरुवात मगरिबपासून, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजपासून करा. दिवसाच्या पाचही नमाजा एकदम लादू नका. मगरिबला सगळे घरी असतात, फर्ज (सक्तीच्या) तीनच रकात, म्हणजे नमाजची तीनच आवर्तनं, वेळ लक्षात ठेवायला घड्याळ लागत नाही, सूर्य बुडाला की झाली. हॉलमध्ये जानमाज (नमाजची चटई) अंथरा, अब्बा पुढे, मुलं मागे, अम्मी आणि मुली त्यांच्या मागे. चार-पाच वर्षांचं पोर मधेच पाठीवर चढलं तर ओरडायचं नाही, हजरत हसन-हुसैन हे नातू नबी मुहंमद (सल्ल.) सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकून, असताना पाठीवर बसायचे आणि ते सजदा लांबवायचे, हे मुलांना सांगा, त्यांना फार आवडतं.

सात वर्षांचे झाले की नमाज शिकवा आणि दहाला सक्ती करा अशी हदीस (नबींचं वचन) आहे, लोक त्यातली फक्त दहावाली बाजू लक्षात ठेवतात. अहो मधल्या तीन वर्षांत पाच वक्त धरले तर पाच हजारांहून जास्त वेळा प्रेमाने सांगायची संधी मिळते! मार देऊन नमाजीला लावलेला पोरगा हॉस्टेलला गेला की सगळ्यात आधी नमाज सोडतो.

अजून एक गोष्ट, जी कोकणात नेहमी होते. घर शाफई आणि मदरशातले हाफिजजी (कुराण पाठ असलेले शिक्षक) हनफी, म्हणजे नमाजच्या पद्धतीचे दोन वेगळे पंथ. घरी फजरला (पहाटेच्या नमाजला) कुनूत ही दुआ पढतात, तिकडे नाही, घरी रुकूला (कमरेतून वाकायला) जाताना हात उचलतात, तिकडे नाही, मग पोरगं गोंधळतं आणि चूक होईल म्हणून टाळतं. त्याला स्पष्ट सांगा की दोन्ही बरोबर आहे, तू घरच्यासारखी पढ, आणि हाफिजजींनाही एकदा भेटून सांगून ठेवा.

फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली सूरा (अध्याय), पाठ झाली की तिच्या सात आयतींचा (ओळींचा) अर्थ मराठीत सांगा, रोज एक. मराठी मीडियमच्या मुलाला अरबी कळत नाही आणि उर्दूही अर्धवटच, त्यामुळे आपण अल्लाहकडे नक्की काय मागतोय हेच त्याला माहीत नसतं. मग कौसर, इख्लास अशा छोट्या सूरा.

फजर सगळ्यांनाच जड जाते, मोठ्यांनाही. ती सवय डिसेंबर-जानेवारीत लावा, तेव्हा सूर्य सातच्या सुमारास उगवतो, शाळेसाठी उठणारं मूल थोडं आधी उठलं की वेळेत पढतं. मे-जूनमध्ये सहालाच सूर्य वर येतो, तेव्हा नवी सवय लागणं अवघड. आणि मुख्य म्हणजे रात्री बारापर्यंत मोबाईल चालू ठेवून फजरला उठवायला जाऊ नका, आधी झोपेची वेळ सुधारा, स्वतःचीसुद्धा.

आता दहावी-बारावीची मुलं. यांना दर वेळी "पढलास का?" विचारलं की खोटं बोलायला शिकतात. त्यापेक्षा "चल, मी निघालोय मशिदीत" एवढंच म्हणा, आला तर आला. क्लासमुळे असर (दुपारनंतरची नमाज) चुकत असेल तर त्याच्यासोबत बसून टाइमटेबलमध्ये जागा शोधा, दहा मिनिटं पुरतात. कमी मार्क पडले की "नमाज नाही ना, म्हणून" असं कधीही म्हणू नका, नमाज म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसतं. प्रश्न विचारले तर विचारू द्या, उत्तर येत नसेल तर दोघं मिळून आलिमना (धर्माच्या जाणकारांना) विचारा.

मुलींच्या बाबतीत सगळ्यांसमोर "आज का नाही पढलीस?" हे विचारणं आधी बंद करा. पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, त्याची कजाही (नंतर भरून काढणंही) नाही. अम्मीने मुलीला हे पाळी येण्याआधीच सांगावं, आणि अब्बा, भाऊ यांनाही गप्प राहायचं कळायला पाहिजे. पाळी संपली की गुसल (शुद्धीची अंघोळ) करून पुन्हा सुरू करायची आठवण मात्र अम्मीनेच हळूच द्यायची.

आणि एखाद्याने मधेच पूर्ण सोडली तर नातेवाइकांसमोर विषय काढू नका. त्याच्याशी बोलणं, एकत्र जेवणं चालू ठेवा, जुम्याला (शुक्रवारच्या नमाजला) सोबत न्या, त्याच्यासाठी दुआ करा आणि मगरिबला त्याची जानमाज बाकीच्यांबरोबर रोज अंथरत राहा.