बाळंतपणाआधी ठरवून ठेवावे असे काही
दुपटी, झबली आणि लंगोट यांची तयारी बहुतेक घरांत वेळेवर होते; परंतु बाळाच्या तोंडात पहिल्यांदा काय जाणार, हे आठव्या महिन्यातच वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवावे. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घेऊन, पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर चीकदूध थेंबभर असले तरी तेच पाजावे. मध चाटवू नये, कारण त्यातून वर्षाच्या आतील बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दूध पुरते की नाही, ही शंका (भेटायला येणारी मंडळी ती वाढवतातच) लंगोट मोजून तपासावी: पाचव्या दिवसापासून 24 तासांत किमान 6 ओले लंगोट निघायला हवेत, कमी निघाल्यास बाळाला डॉक्टरांकडे न्यावे.