सिंगापूरला राहताय? मग वीकेंड असा निवांत घालवा

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडची जी जोडपी नोकरीसाठी सिंगापूरला असतात त्यांना सांगतो, सुट्टीत मॉलमध्ये फिरत बसू नका ओ. शनिवारी सकाळी लवकर बोटॅनिक गार्डनला जावा, पहाटे 5 ला उघडतं, एन्ट्री फ्री, 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलंय आणि आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोसारखं झाडाखालनं आरामात चालता येतं, फक्त आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. नंतर ऊन आणि दमट हवा सोसत नाही, म्हणून लवकरच.

तिथनं मेट्रोच्या डाउनटाउन लाईनवर तिसरं स्टेशन लिटल इंडिया. बँकेचं टॅप करायचं कार्ड गेटवर चालतं पण दोघांना दोन वेगळी कार्डं पाहिजेत, एकावर दोघं जाता येत नाही, आणि मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचं नाही, दंड आहे. तिथल्या टेक्का सेंटरला, म्हणजे खाण्याचे स्टॉल आणि भाजी मार्केट असलेल्या इमारतीत, डोसा, बिर्याणी खावा, ट्रे स्वतः उचलून स्टँडवर ठेवायचा, तो तिथला नियमच आहे. शेजारीच कढीपत्ता, शेवगा सगळं मिळतं, आठवड्याची भाजी तिथंच घेऊन टाका. रविवारी संध्याकाळी मात्र तिकडं प्रचंड गर्दी, त्यापेक्षा मरीना बॅरेज धरणाच्या छतावर गवतात बसा, तेही फ्री. घरी फोन करताना सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं असते हे बघून करा.