नाशिकच्या घरात डिशवॉशर घेण्याआधी

नोकरीनिमित्त नाशिकला नव्याने आलेली मंडळी, भांड्यांना मावशी मिळेपर्यंतची ओढाताण सांगून झाली की, कमी खर्चातला डिशवॉशर कोणता घ्यावा, असे हमखास विचारतात. कोल्हापूर सोडून मला येथे १४ वर्षे झाली आणि त्यांतली ६ वर्षे हे यंत्र घरात रोज चालते आहे. त्या अनुभवावरून सांगतो, कंपनीचा विचार मागाहून करावा. आधी घरात येणारे पाणी आणि यंत्र ठेवण्याची जागा पाहावी. या दोन गोष्टी जुळल्या, तर २० ते ३० हजारांतले साधे यंत्रही समाधानकारक काम देते. जुळल्या नाहीत, तर महागड्या यंत्राचीही रोज तक्रार होते.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. महापालिकेचे पाणी प्रामुख्याने गंगापूर धरणाचे असते आणि बोअरच्या मानाने धरणाचे पाणी हलके असते. परंतु शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या अनेक नव्या सोसायट्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, बोअरचे आणि टँकरचे पाणी त्याच टाकीत पडते. आपल्या टाकीत नेमके काय पडते, हे सोसायटीच्या सचिवांना आधीच विचारून घ्यावे. जड पाण्यातले क्षार काचेच्या पेल्यांवर पांढुरका थर धरतात. सुती फडक्याने पुसला तरी तो जात नाही, लिंबाची फोड चोळली की मात्र जातो. हा थर दिसू लागला की लोक यंत्राला दोष देतात, वास्तविक चूक मिठाच्या कप्प्याकडे दुर्लक्ष केल्याची असते.

डिशवॉशरच्या तळाशी पाणी हलके करणारी व्यवस्था असते आणि ती टिकून राहण्यासाठी मीठ लागते. हे मीठ जाडे, शुद्ध आणि डिशवॉशरसाठीच विकले जाणारे असावे. घरातले बारीक आयोडीनयुक्त मीठ त्यात कधीही घालू नये. पहिल्या वेळी त्या कप्प्यात आधी पाणी भरावे लागते, मग मीठ. त्यानंतर पाण्याचा जडपणा यंत्रात नोंदवावा. आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर येथे उपयोगाचा नाही, कारण तो पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार मोजतो. जडपणा मोजणाऱ्या पट्ट्या वेगळ्या मिळतात. माहितीपुस्तिकेत जडपणाचे जर्मन अंश दिलेले असतील, तर पट्टीवरच्या पीपीएमच्या (दशलक्ष भागांत किती भाग, या मापाच्या) आकड्याला १७.८ ने भागावे. म्हणजे ३०० पीपीएमचे साधारण १७ अंश होतात. टँकर सुरू झाले की मोजणी पुन्हा करावी. खर्च वाचवायचा म्हणून मिठाचा कप्पा नसलेले यंत्र मात्र बोअरच्या पाण्यावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जागा. १२ ते १४ जणांच्या भांड्यांचे यंत्र साधारण ६० सेंटिमीटर रुंद, तितकेच खोल आणि ८५ सेंटिमीटर उंच असते. ओट्याखाली ते बसवायचे, तर ओट्याची उंची मोजून भागत नाही. ग्रॅनाइटच्या पुढच्या पट्टीच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजावे लागते आणि मधली कडप्प्याची फळी कापावी लागते. भाड्याच्या घरात हे शक्य नसते. अशा वेळी ड्राय बाल्कनी सोयीची ठरते, कारण वॉशिंग मशीनसाठी नळ, सांडपाण्याची वाट आणि १६ अँपिअरचा पॉइंट तेथे बहुधा असतोच. नळाला दोन तोंडांचा अँगल कॉक बसवला की काम होते. मात्र दोन्ही यंत्रे एकाच पॉइंटवर कधीही चालवू नयेत, अर्थिंग तपासून घ्यावे आणि पावसाची झड आत येत असेल तर आडोसा करावा.

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पाण्याचा दाबही पाहावा. टाकी नळापासून १० मीटर उंच असेल, तर सुमारे १ बार दाब मिळतो. टाकी अगदी डोक्यावर असली की दाब कमी पडून यंत्र पाणी भरतानाच थांबते. मॉडेलला किमान किती दाब लागतो, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

कंपनीचा माणूस यंत्र जोडून देतो, पण प्लंबिंग आणि वायरिंग करत नाही, त्यामुळे ती कामे आधीच उरकावीत. माझ्याकडे प्लंबरने सांडपाण्याची नळी सरळ खाली सोडून दिली होती. आत आलेले पाणी आपोआप ओढले जाऊन वाहून जाई, यंत्र पुन्हा भरे, आणि दोन तास उलटले तरी धुणे संपेना. नळी फरशीपासून साधारण ५० सेंटिमीटर उंच नेऊन मग खाली वळवल्यावर तो प्रश्न कायमचा मिटला. पुस्तिकेत दिलेल्या कमाल उंचीपेक्षा, म्हणजे बहुधा १ मीटरपेक्षा, ती वर नेऊ नये. खरेदीपूर्वी आणखी एक विचारावे: दुरुस्तीचा माणूस नाशिकमध्येच असतो की दुसऱ्या शहरातून येतो?

वापराबाबत थोडेच सांगतो. खरकटे काढून टाकावे, पण भांडी आधी विसळू नयेत. रविवारी मिसळ झाली की तर्रीच्या वाट्या आणि कढई ७० अंशांच्या कार्यक्रमावर, तिरक्या पालथ्या लावाव्यात. कुकरची शिटी आणि रिंग काढून ठेवावी. तळाची जाळी आठवड्यातून एकदा दातांच्या जुन्या ब्रशने घासावी, कारण मोहरी आणि कढीपत्ता तेथेच अडकतो. लोखंडी तवा, ॲल्युमिनियमची पातेली आणि पोळपाट-लाटणे आत घालू नये. भांडी बाजारातून हौसेने आणलेला तांब्याचा हंडा आणि पितळी डबेही यंत्रात काळवंडतात. ते चिंच-मीठ लावून हातानेच घासावेत.