बायपासनंतरचा सीटी: सुई उजव्या हाताला मागा

नागपूरच्या धंतोलीत बावीस वर्षं सीटीच्या मशीनवर काढली, म्हणून हे लिहितोय.

बायपास झालेला पेशंट ग्राफ्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये जोडलेली नळी, तपासायला येतो तेव्हा पिशवीत दहा वर्षांची बिलं असतात, ऑपरेशनचा कागद तेवढा नसतो. आधी तो शोधा. त्यात 'लिमा टू एलएडी' असं काहीतरी असतं, म्हणजे छातीच्या आतली डावी धमनी हृदयाच्या पुढच्या नळीला जोडली. पायाची शीर कुठं लावली, मनगटाची धमनी कुठं, एकूण किती, सगळं त्यातच. कारण पूर्ण बंद पडलेला ग्राफ्ट बरेचदा फोटोत दिसतच नाही. तो होता हेच माहीत नसेल, तर शोधणार कोण?

टेबलावर चढण्याआधी 'बायपास झालंय' हे तोंडानं सांगा. साधी सीटी अँजिओ हृदयापुरती काढतात. लिमा मात्र गळ्याखालच्या आडव्या हाडामागून निघते, त्यामुळे फोटो तिथून सुरू करावा लागतो.

आणि फोटोत नळ्या दिसाव्यात म्हणून जे औषध देतात, त्याची सुई उजव्या हाताला. काटोलच्या एका काकाजींना गडबडीत मी डाव्या हाताला लावली. औषध त्या बाजूच्या मोठ्या शिरेतून जाताना पडद्यावर पांढराफटक पट्टा उमटला आणि लिमाचं मूळ नेमकं त्यामागे गडप. पुन्हा बोलवावं लागलं. ते काही बोलले नाहीत, त्यानंच जास्त लागलं.

त्या सकाळी चहा-कॉफी नको. एक भाऊ तर्री पोह्यांवर दोन कट चहा मारून आले, ठोके ९२. आम्हाला साठच्या आसपास हवे असतात, नाहीतर नळ्या हलल्यासारख्या येतात. ठोक्यांची गोळी दिली असेल तर ती चुकवू नका. श्वास पंधरा सेकंद रोखायची सवय घरीच घड्याळ लावून करा. औषध आत जाताना अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, घाबरून श्वास सोडू नका.

ज्यांचं बायपास अजून व्हायचंय, त्यांच्यासाठी थोडक्यात: अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतेच, मानेच्या नळ्यांचा डॉपलरही (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) बहुतेकांचा करतात. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा आधी काढलेल्या असतील तर सर्जनला आपणहून सांगा, ग्राफ्ट तिथूनही घ्यायचा असतो.

सीटीला येताना क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा. तपासणीनंतर पाणी भरपूर प्या. नागपूरच्या मे महिन्यात हे वेगळं सांगायला नको. पण किडनीचा त्रास असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा.