शॉकअप सेट केल्यावर गाडी वाजायला लागली तर

किट कार म्हणजे सुटे भाग आणून घरीच जुळवलेली गाडी. तिला बहुधा कॉइलओव्हर शॉकअप असतात: स्प्रिंगखाली आट्यांवर फिरणारी रिंग, आणि शॉकअपला एक छोटा नॉब. रिंगने गाडीची उंची बदलते, नॉबने शॉकअप कडक किंवा मऊ होतो. शनिवारी संध्याकाळी दोन्ही फिरवून बघायचा मोह होतो, आणि रविवारी यवतेश्वरचा घाट चढताना गाडी बोलायला लागते.

शॉकअपला हात लावल्यावर आवाज आला म्हणून शॉकअपच गेला असं धरू नका. नवा मागवायला धावण्याआधी आजूबाजूला बघा. बहुतेक वेळा काहीतरी सैल राहिलेलं असतं, नाहीतर उंची बदलल्यामुळे ताण बदललेला असतो.

आधी नॉब जुन्या जागेवर न्या. बहुतेक नॉब उजवीकडे फिरवले की कडक होतात. जोर न लावता शेवटपर्यंत बंद करा आणि तिथून मागे क्लिक मोजा. आकडा वहीत लिहा, डावी-उजवी बाजू सारखी आहे का पाहा. मग त्याच रस्त्यावरून पुन्हा जा. आवाज गेला तर दोष सेटिंगचा, राहिला तर नट-बोल्ट, बुश (जोडांत बसवलेली रबराची किंवा प्लास्टिकची नळी) किंवा स्प्रिंगचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

ऐकायला घाट नको, तिथे लक्ष वळणावर हवं. मोकळ्या रस्त्यावरचा एखादा स्पीडब्रेकर बरा. त्याच्या कडेने एकाच बाजूची चाकं चढतील अशी गाडी सावकाश न्या, मग दुसरी बाजू. कोणता कोपरा वाजतो ते तिथेच कळतं. हलका ब्रेक दाबून पुन्हा जा; आवाज बदलला तर ब्रेक पॅड किंवा आर्मचे, म्हणजे चाक चॅसीला जोडणाऱ्या दांड्यांचे, बुशही बघावे लागतील.

स्पीडब्रेकरवरून चाक खाली सुटताना एकदाच ‘खण्’ वाजलं, तर स्प्रिंग सैल झाली आहे. माझी गाडी नेमकी अशीच वाजत होती. दिसायला बरी म्हणून मी रिंग बरीच खाली घेतली होती. चाक लोंबकळलं की स्प्रिंग बैठकीवरून सुटायची आणि परत बसताना आपटायची. तपासायला सोपं आहे: गाडी जॅकवर उचला, चॅसीखाली स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. आता चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलली तर चोर सापडला. रिंग थोडी वर घ्या. उंची तेवढीच ठेवायची असेल तर छोटी हेल्पर स्प्रिंग बसवा; चाक लोंबकळलं तरी ती मुख्य स्प्रिंगला बैठकीवर दाबून धरते. रिंग फिरवताना चाक उचललेलंच असू द्या आणि आटे आधी ब्रशने साफ करा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे खराब होतात. शेवटी लॉकरिंग, म्हणजे उंचीची रिंग जागेवर धरणारी दुसरी रिंग, घट्ट करायला विसरू नका. ती सैल राहिली तर बारीक खडखड होते, आणि रिंग हळूहळू फिरून उंचीही बदलते.

खड्ड्यात ‘धप्प’ आवाज म्हणजे शॉकअप पार दबून बंपस्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्याला, टेकतोय. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक केबल टाय सैलसर बांधा, बॉडीला टेकवून ठेवा आणि फिरून या. टाय पार वर सरकला असेल तर गाडी फार खाली किंवा फार मऊ झाली आहे.

सावकाश ‘कुर्रर्र’ आवाज आला तर बुश. त्यावर थोडं पाणी मारा. आवाज काही वेळ थांबला तर तोच. रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. म्हणून ते सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, दोघांना सीटवर बसवा आणि मग आवळा. पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बुश असतील तर सिलिकॉन ग्रीस लावा.

बारीक खडीवर ‘टकटक’ ऐकू आलं तर शॉकअपचे वरचे-खालचे बोल्ट, रोझ जॉइंट (आत गोळी असलेला, सगळीकडे वळणारा धातूचा जोड) आणि अँटीरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक पाहा. एकाला गाडीचा तो कोपरा दाबून हलवायला सांगा आणि तुम्ही एकेका जोडावर बोटं ठेवा. सैल जोड बोटाला कळतो. फक्त एकाच बाजूची उंची बदलली असेल तर लिंकवर ताण आलेला असतो, तीही बघा.

नुसतं ‘फुस्स’ ऐकू येत असेल तर ते व्हॉल्व्हमधून जाणारं तेल आहे, सोडून द्या. पण शॉकअप बाहेरून तेलकट ओला दिसला तर सील गेलं. आत गॅसचा दाब असू शकतो, तेव्हा घरी उघडू नका.

काम झालं की प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा. साताऱ्याहून कासला जाऊन आलात की गाडीखाली डोकावा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय.