आधी संडासाचा विचार, मग नकाशा: व्हीलचेअरवरून मोटारहोमने फिरताना

व्हीलचेअरवरच्या माणसाची सहल अंतरापायी क्वचितच अडते, संडासापायी हमखास अडते. माझ्या मज्जारज्जूला टी-१० (छातीच्या दहाव्या मणक्याच्या) पातळीला इजा आहे, बेंबीखाली संवेदना नाहीत. कोथरूडहून नवरा आणि भाचा यांच्यासोबत मी मोटारहोमने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, फिरते. आपला पलंग, आपला कमोड आणि आपली औषधं आपल्याबरोबर चालतात, हाच माझ्या लेखी मोटारहोमचा खरा उपयोग. टीव्ही, बाहेर उघडणारं छत, आतलं रंगीत दिव्यांचं काम यासाठी जास्त पैसे मोजू नका. तेच पैसे दरवाजा, पलंगाची उंची आणि बॅटरी यांवर खर्च करा.

गाडीच्या मागे ओढायची कॅरॅव्हॅन आपल्याकडच्या घाटांत आणि गावच्या बोळांत फार जड जाते, आणि चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये बसता येत नाही ते वेगळंच. म्हणून मी मोटारहोमबद्दलच लिहिते आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर किंवा तशाच गाड्यांवर बांधलेली मोटारहोम भाड्याने मिळतात, बहुधा चालकासह. ठरवण्याआधी स्वतः जाऊन गाडी बघा, आणि जाताना स्वतःची खुर्ची आणि मोजपट्टी न्या. एका भाडेवाल्याने फोनवर ‘व्हीलचेअर फ्रेंडली’ म्हणून सांगितलेल्या गाडीचा दरवाजा ५५ सेंटिमीटरचा निघाला, आणि माझी खुर्ची ६४ सेंटिमीटर रुंद आहे. त्यांना फसवायचं नव्हतं, खुर्ची किती रुंद असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मोजायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण एकही सोडू नका. दरवाजा पूर्ण उघडल्यावरची मोकळी रुंदी. आतल्या बोळाची सर्वांत अरुंद जागा, जी बहुधा ओट्यापाशी असते. पलंगाची गादीसकट उंची. ती खुर्चीच्या उशीसकट उंचीइतकी हवी. साधारण ५० सेंटिमीटरच्या आसपास. पलंग १० सेंटिमीटर जास्त उंच असला तर सकाळी खुर्चीत उतरताना सोपं वाटतं, रात्री दमलेल्या खांद्यांनी परत चढताना रडू येतं. व्हीलचेअर जागच्या जागी पूर्ण फिरवायला १५० सेंटिमीटरचा मोकळा गोल लागतो. तेवढी जागा मोटारहोममध्ये मिळत नाही, तेव्हा सरळ आत जाऊन उलटं बाहेर येता येतं का ते बघा.

आता आत शिरण्याचा प्रश्न. ट्रॅव्हलरसारख्या गाडीचा तळ जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे असं धरा. रॅम्पचा सुरक्षित उतार १:१२, म्हणजे ७० सेंटिमीटरला तब्बल ८ मीटर ४० सेंटिमीटर लांब रॅम्प. तो कुणी बरोबर नेऊ शकत नाही. तीन मीटरचा घडीचा रॅम्प नेलात तर चढ जवळपास १:४ होतो. त्यावरून रिकामी खुर्ची चढवा, माणूस बसलेली खुर्ची कधीही नको. स्वतःची गाडी बांधून घेत असाल तर हायड्रॉलिक लिफ्टच बसवा. तिची वजनक्षमता विजेवरच्या खुर्चीसकट तपासा आणि वीज गेली तर हाताने चालवायचा दांडा आहे ना, तो चालवून बघा. भाड्याच्या गाडीला लिफ्ट नसेल तर जमिनीची मदत घ्या. आपल्याकडे आवारात, शेतात, रस्त्याकडेला जमिनीला टप्पे असतात. गाडी खालच्या टप्प्यावर आणि दार वरच्या टप्प्याकडे अशी लावली की उरलेला फरक १५-२० सेंटिमीटरवर येतो, आणि १५ सेंटिमीटरला १ मीटर ८० सेंटिमीटरचा रॅम्प पुरतो. दार बहुधा डाव्या अंगाला असतं, एवढं चालकाला आधी सांगून ठेवा.

गाडी लावली की ती समतल करा. गवंड्याकडे असते ती छोटी पाणसळ विकत घ्या, फार स्वस्त मिळते. फरशीवर आडवी-उभी ठेवून बघायची, कमी असेल त्या चाकाखाली फळी घालायची, मग चाकांना ठोकळे. समतल नसलेल्या गाडीत ट्रान्स्फर बोर्डवरून (खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये टाकायच्या गुळगुळीत फळीवरून) सरकताना शरीर उताराकडे जातं, आणि ज्याला कमरेखाली जोर नाही त्याला ते सावरता येत नाही.

गाडी चालू असताना कुठे बसायचं, याबद्दल मी फार आग्रही आहे. खुर्चीतच बसून प्रवास करायचा असेल तर ती खुर्ची वाहनात आसन म्हणून वापरण्याजोगी हवी. त्यासाठी आयएसओ ७१७६-१९ हे मानक आहे. खुर्ची चार पट्ट्यांनी, दोन पुढे दोन मागे, गाडीच्या तळातल्या पक्क्या कड्यांना बांधायची. पट्टा खुर्चीच्या सांगाड्याला लागतो, चाकाला किंवा निघणाऱ्या हाताला नाही. तोंड गाडी जाते त्या दिशेने. आणि माणसाचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट वेगळा, खुर्चीच्या पट्ट्यांवर माणसाचा भार द्यायचा नाही. माझ्या खुर्चीला हे मानक नाही, म्हणून मी गाडीच्या सीटवर बसते आणि खुर्ची वेगळी बांधून ठेवते. पसरणी घाटाची वळणं सुरू झाली की छातीचा पट्टाही लावते, कारण तोल सावरायला माझ्याकडे पोटाचे स्नायू पुरेसे नाहीत.

संडासाबद्दल संकोच न करता बोलू. मोटारहोममधलं न्हाणीघर इतकं लहान असतं की व्हीलचेअर आत जात नाही. मला जमलेला उपाय असा: चाकांची कमोड खुर्ची घ्यायची, ती पलंगाशेजारी लावायची, भोवती पडदा ओढायचा. कमोडची बैठक पलंगाइतकीच उंच केली की ट्रान्स्फर बोर्डने सरळ सरकता येतं. मधल्या वेळेत ती खुर्ची घडी होऊन न्हाणीघरात बसते. पोट साफ होण्याची वेळ घरी जी आहे तीच प्रवासात ठेवा, आणि त्या कार्यक्रमाला निघण्याआधी दीड तास मोकळा ठेवा. सकाळी सहाला निघू म्हणणाऱ्या मंडळींना हे आदल्या रात्रीच सांगायचं, स्पष्ट शब्दांत. कॅथेटर वापरत असाल तर लागतात त्याच्या दीडपट न्या, आणि लघवी सोडण्याच्या वेळा फोनच्या गजरावर लावा. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेणं म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण.

ज्यांची इजा टी-६ किंवा त्याहून वर आहे, त्यांच्या सोबत्यांनी आणि चालकानेही एक गोष्ट पाठ करावी. अचानक तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल, इजेच्या वर घाम, हे दिसलं की गाडी थांबवायची, माणसाला सरळ बसवायचं, कपडे आणि पट्टे सैल करायचे, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का ते बघायचं. बहुतेक वेळा कारण भरलेलं मूत्राशयच असतं. तरीही डोकेदुखी उतरली नाही तर थेट रुग्णालय, १०८ ला फोन. रक्तदाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो, म्हणून ‘पुढच्या गावात बघू’ म्हणायचं नाही.

कमोडचा डबा गावच्या नाल्यात किंवा नदीत रिकामा करू नका. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून संडासातच रिकामा करा. वापरलेले डायपर, कॅथेटर कागदात गुंडाळून घरी परत आणा. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताईंसाठी अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, ती प्रवासातही पाळावी.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. ती लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे ६००. सीपॅप यंत्र (झोपेत श्वासाला मदत करणारं) ह्युमिडिफायर बंद ठेवून ४० वॉट घेत असेल तर आठ तासांत ३२० होतात, रात्र निघते. हवेच्या गादीचा पंप याहून किरकोळ. पण पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉटचा असेल तर बॅटरी दोन तासही पुरायची नाही. अशांनी रात्रीच्या मुक्कामाला विजेची जोडणी आणि सोबत भरलेलं सिलिंडर या दोन्हींशिवाय घर सोडू नये. एसी रात्रभर बॅटरीवर चालेल असं कुणी म्हणालं तर बॅटरीचा आकडा विचारा आणि हाच गुणाकार करा.

त्वचेची काळजी गाडीत घरच्यापेक्षा जास्त लागते. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पुढे, चालकाच्या बाजूला इंजिनाचं झाकण असतं. तासाभराच्या चढानंतर त्यावर हाताची मागची बाजू ठेवून बघा. आपल्या पायाचा घोटा त्याला टेकलेला असेल तर आपल्याला कळणार नाही, आणि संध्याकाळी मोजा काढल्यावर फोड दिसेल. मी तिथे घडी घातलेली घोंगडी लावते आणि चप्पल न घालता जाड मोजे आणि बूट घालते. उन्हात पडलेला धातूचा रॅम्पही तसाच तापतो. मांडीवर चहाचा कप नाही, अगदी अर्धा सुद्धा नाही. बसल्या जागी दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलवायचा, रात्री साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि झोपण्याआधी बैठकीची हाडं, टाचा, घोटे आरशात किंवा फोनच्या फोटोत बघायचे. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर दुसऱ्या दिवशीचा प्रवास रद्द. यावर घरच्यांनी वाद घालू नये. मज्जारज्जूला वरच्या पातळीला इजा असलेल्यांना घाम नीट येत नाही, त्यांनी एप्रिल-मे टाळावा. फवाऱ्याची बाटली आणि ओला पंचा हाताशी असावा.

मुक्कामाची जागा फोनवर ठरवताना ‘पायऱ्या आहेत का?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: ‘नाही ताई, दोनच आहेत, आमची पोरं उचलतील.’ ते मनापासून म्हणतात, आणि म्हणूनच नाही म्हणणं अवघड जातं. मी म्हणते, ‘दादा, गाडी उभी राहील तिथून संडासाच्या दारापर्यंत चालत जा आणि व्हिडिओ काढून पाठवा.’ मग खडी दिसते, उंबरा दिसतो, आतला कमोड कुठल्या भिंतीला आहे तेही दिसतं. आपण मोटारहोममध्येच झोपणार असल्याने आपल्याला खोली नको, सपाट जागा, १६ अँपिअरचं सॉकेट, पाण्याचा नळ आणि रात्री माणूस असलेलं आवार हवं. कृषी पर्यटन केंद्रांत हे चांगलं जमतं, शिवाय शेतकरी कुटुंबाला जमिनीचे टप्पे कुठे आहेत ते ठाऊक असतं.

पहिली रात्र जवळच काढा. जुन्या मुंबई रस्त्याने कार्ल्याच्या परिसरात जा. एकवीरा आई आणि लेणी पायऱ्या चढून आहेत, तेव्हा तो हट्ट नको. इंद्रायणीचं खोरं आणि थंड हवा पुरे. मग वाई-पाचगणी. वाटेत खंबाटकीचा घाट आहे, म्हणून जातानाच्या वेळेत एक थांबा जास्त धरा. माझं सर्वांत आवडतं ठिकाण मात्र सोलापूर रस्त्यावरचं भिगवण. रस्ता सपाट, घाट नाही. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पक्षी येतात. होडीत चढणं आपल्याला कठीण, पण काठाजवळ गाडी लावून, दार उघडं ठेवून, दुर्बिणीने तासन्‌तास बघता येतं, आणि पक्षी गाडीला माणसापेक्षा कमी घाबरतात. गणपतीपुळ्याला वाळूवर खुर्ची पुढे ढकलू नका, लहान चाकं रुततात. मागे वळवून, पुढची चाकं किंचित उचलून ओढायची.

कागदपत्रं एका प्लास्टिकच्या फायलीत: युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), डॉक्टरांचं औषधांच्या नावांसहित पत्र, विमा. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी खास बनवलेल्या वाहनाला राष्ट्रीय महामार्गावर टोलमाफीची तरतूद २००८च्या नियमांत आहे, भाड्याच्या मोटारहोमला ती लागू आहे असं गृहीत धरू नका. स्वतःच्या गाडीला लिफ्ट बसवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओकडून तो बदल आरसीवर नोंदवून घ्या, नाहीतर अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहतो.

आणि निघायच्या आधी एक रात्र गाडी सोसायटीच्या आवारात लावून तिच्यातच झोपा. जेवण, कमोड, कूस बदलणं, बॅटरी, सगळं त्या रात्री करून बघा. ज्या वस्तूसाठी कुणाला वर घरात जावं लागलं, ती सकाळी गाडीत ठेवा.